वृद्ध मुष्टियोद्ध्याचे पुनरागमन

उपेक्षित मुष्टियोद्ध्याची कथा त्याच्या उतारवयात पुन्हा सांगू पाहणाऱ्या संहितेसमोर एक मूलभूत प्रश्न उभा राहतो: गतकाळातील पराक्रमाचा वर्तमानातील पुरावा कोणता? ‘रॉकी बाल्बोआ’ (२००६) या चित्रपटाचे उत्तर सरळ आहे. आपल्या उपाहारगृहात ग्राहकांना जुन्या लढती ऐकवणारा रॉकी अखेर रिंगणात उतरतो आणि १९७६च्या पहिल्या चित्रपटाप्रमाणेच निसटता हरतो. परंतु शेवटच्या फेरीपर्यंत टिकून राहतो. येथे शरीर हाच पुरावा ठरतो.

मुरलीकांत पेटकर यांच्या जीवनावरील ‘चंदू चॅम्पियन’ (२०२४) या चित्रपटाला हे उत्तर उपलब्ध नाही. सैन्यातील हा मुष्टियोद्धा १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला; १९७२ साली हायडेलबर्ग येथे त्याने सुवर्णपदक मिळवले ते जलतरणात. म्हणूनच चित्रपटातील वृद्ध नायक अर्जुन पुरस्कार न मिळाल्याची फिर्याद घेऊन पोलीस ठाण्यात जातो. लढतीची जागा निवेदन घेते.

ही योजना अर्थपूर्ण असली, तरी तिच्यामुळे नायकत्व शासकीय मान्यतेवर अवलंबून राहते. पदक आणि फिर्याद यांमधील, पुण्यात टेल्कोच्या नोकरीत गेलेला काळ कथनात गौण ठरतो. चिखली-पिंपरीच्या कारखानदारी पट्ट्यातील प्रेक्षक मात्र विचारील: वर्षानुवर्षे कामावर हजर राहणे, हे टिकून राहणे नव्हे काय? २०२५च्या जानेवारीत पेटकरांना अर्जुन पुरस्कार प्रदान झाला. फिर्यादीचे निवारण झाले. हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो.