बौद्ध विहारांचीं चित्रकार्डें : संग्रह आणि प्रमाण

पोथ्या, दप्तरें व नाणीं यांच्या जोडीनें आशियांतील बौद्ध विहारांचीं चित्रकार्डें जमविण्याचा छंदही संग्राहकांत आढळतो. विसाव्या शतकाच्या आरंभीं रंगूनचे आहुजा, कोलंबोची प्लाते कंपनी व हनोईचे दिउलफिल्स यांनीं काढलेलीं कार्डें अशा संग्रहांत शेजारीं शेजारीं बसतात. छंद स्तुत्य आहे. परंतु त्यास इतिहासाचें साधन म्हणावयाचें असेल, तर जी कसोटी आपण पोथीस लावतों तीच कार्डासही लावली पाहिजे.

पहिला प्रश्न कालनिश्चयाचा. कित्येक संग्राहक कार्डें वहींत डिंकानें चिकटवितात. तेणेंकरून पाठीमागची बाजू, म्हणजे काळ सांगणारी बाजूच, नाहींशी होते. पूर्वीं पाठीवर केवळ पत्ता लिहावयाचा असे. १९०२ सालीं इंग्लंडांत व पुढें लवकरच इतर देशांत पाठीचे दोन भाग करण्याची मोकळीक मिळाली. म्हणून अविभक्त पाठीचें कार्ड बहुधा १९०७ च्या पूर्वीं छापलेलें समजावें. टपालाच्या शिक्क्यानें उत्तरमर्यादा कळते. तथापि छायाचित्र छपाईहून पुष्कळ जुनें असूं शकतें. ग्रंथाचा रचनाकाल निराळा व प्रतीचा लेखनकाल निराळा, हा भेद येथेंही विसरतां कामा नये.

दुसरा प्रश्न रंगाचा. जुन्या कार्डांवरील रंग पुष्कळदां काळ्यापांढऱ्या छायाचित्रावर मागाहून चढविलेले असत. ज्यानें ते चढविले त्यानें विहार पाहिला असेलच असें नाहीं. असा रंग हा प्रक्षेप होय, पाठ नव्हे.

तिसरा प्रश्न नांवाचा. अंकोरवाट हें सूर्यवर्मा दुसरा यानें बाराव्या शतकांत उभारलेलें विष्णुमंदिर. बौद्ध उपासना तेथें पुढें आली. तें निव्वळ ‘बौद्ध मंदिर’ या सदरांत घालणें अपुरें आहे. अजिंठ्याच्या तीस लेण्यांपैकीं ९, १०, १९, २६ व २९ हीं चैत्यगृहें, बाकीचे विहार. या सर्वांस एकजात ‘गुहामंदिर’ म्हणणारा मथळा नोंदींत जसाच्या तसा उतरावा, पण मान्य करूं नये.

इतकें पारखून घेतलें म्हणजे कार्डाची खरी किंमत कळते. १९७५ च्या भूकंपानें ब्रह्मदेशांतील पगानच्या मंदिरांची मोठी हानि झाली. त्यापूर्वींचें कार्ड तेथील साक्षीदार ठरतें. अजिंठ्यास १९२० ते १९२२ मध्यें निझाम सरकारनें बोलाविलेल्या इटालियन तज्ज्ञांनीं चित्रांवर लाखेचा लेप दिला आणि तो पुढें पिवळा पडला. लेपापूर्वींचें साधें काळेंपांढरें कार्ड, रंगविलेल्या दहा कार्डांहून आम्हांस अधिक मोलाचें वाटतें.

वाशीमच्या संग्राहकांवर तर याची विशेष जबाबदारी आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. येथील वाकाटक राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव यानें अजिंठ्याचें सोळावें लेणें कोरविलें व तें तेथील शिलालेखांत नमूद केलें. त्या लेखांतील एका राजाचें नांव पूर्वीं निराळें वाचलें जाई. १९३९ सालीं वाशीम येथें विंध्यशक्ति दुसरा याचा ताम्रपट मिळाला, त्यांत त्याचा पिता सर्वसेन याचा निर्देश आला, आणि शिलालेखांतही ‘सर्वसेन’ हाच पाठ असल्याचें कै. म. म. वा. वि. मिराशी यांनीं दाखविलें. वाशीमजवळच्या हिस्से-बोराळा येथील देवसेनाच्या वेळच्या लेखांत शक ३८० असा स्पष्ट काल आहे. असें असतां संग्राहकांचा सारा ओढा पहिल्या लेण्यांतील पद्मपाणीकडे असावा, आणि सोळाव्या लेण्याचें कार्ड ‘देखावा’ म्हणून मागें पडावें, हें शोभत नाहीं.

सबब आमची सूचना एवढीच. कार्ड चिकटवूं नये, पारदर्शक पाकिटांत ठेवावें; प्रकाशक, मथळा, पाठीचा प्रकार व शिक्का यांची नोंद करावी; आणि ज्या विहाराचा लेख प्रसिद्ध आहे त्याच्या कार्डाशेजारीं लेखाच्या ठशाची प्रत ठेवावी. मग संग्रह पाहणारास चित्राबरोबर तें घडविणाऱ्याचें नांवही कळेल.