'अरुणोदया'ची साक्ष

बाबा पदमनजी यांचें 'अरुणोदय' हें आत्मचरित्र वाचकांस परिचित आहेच. परमहंस सभेच्या इतिहासासाठीं मात्र तें ज्या निःशंकपणें आधारास घेतलें जातें, त्याविषयीं आम्हांस चार शब्द लिहिणें प्राप्त आहे.

ही सभा मुंबईंत सन १८४९ त निघाली. दादोबा पांडुरंग तिचे धुरीण. मूर्तिपूजा व जातिभेद सभासदांस अमान्य. ख्रिस्त्याच्या हातचा पाव खाऊन ते ही अमान्यता सिद्ध करीत, पण गुप्तपणें! वडिलांचें मत खोडण्यास या तरुणांची बुद्धि समर्थ होती. वडिलांचें घर सोडण्याची सिद्धता थोड्यांचीच. सन १८६० त सभासदांची यादी चोरीस गेली आणि सभा मोडली, यांत नवल तें काय?

अशा गुप्त मंडळीचें दप्तर दुर्मिळच. म्हणून सभासदाच्या साक्षीस मोल. परंतु बाबा सन १८५४ त ख्रिस्ती झाले, आणि मागील सारा मार्ग त्या एका मुक्कामाकडेच जात होता अशा दृष्टीनें ते लिहितात. सभेविषयींचे त्यांचे अभिप्राय तारतम्यानेंच घ्यावे. बालपणींच्या घरांतील देवधर्माचें वर्णन निराळें. तेथें लेखणी खंडनाचें काम विसरते व सोडलेल्या घराचा जिव्हाळा लपत नाहीं. आम्हांस हाच भाग अधिक विश्वसनीय वाटतो.

तथापि येथें वडील बोलतात ते मुलाच्याच तोंडून. त्या पिढीचीं पत्रें जुन्या घरांच्या रुमालांत आढळल्यास संग्राहकांनीं तीं 'खासगी' म्हणून बाजूस टाकूं नयेत.