‘आम्ही’ आणि ‘आपण’ : टेड-व्याख्यानांतील एका सर्वनामाविषयी

विज्ञान, तंत्रविद्या, डिझाइन आणि मानवी वर्तन या विषयांवरील ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानांचा जो प्रकार गेल्या दोन दशकांत जगभर रूढ झाला, त्याचा उगम कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे १९८४ मध्ये भरलेल्या एका परिषदेत आहे. रिचर्ड सॉल वर्मन व हॅरी मार्क्स हे तिचे प्रवर्तक. १९९० पासून ‘टेड’ ही परिषद प्रतिवर्षी भरू लागली, आणि जून २००६ मध्ये तेथील व्याख्याने महाजालावर विनामूल्य उपलब्ध होऊ लागल्यापासून तिचे खरे श्रोते सभागृहाबाहेर गेले. अठरा मिनिटांची मर्यादा, हाती कागद नसलेला वक्ता आणि मागे भव्य पडदा ही या प्रकाराची बाह्य लक्षणे सर्वपरिचित आहेत. त्यावर उथळपणाचा आक्षेप पुष्कळांनी घेतला आहे. तो येथे पुन्हा घेण्याचे प्रयोजन नाही. अठरा मिनिटांत शास्त्रीय विषय मांडता येत नाही हे म्हणणे तितकेसे खरेही नाही. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून पुष्कळच लहान आहे. तो म्हणजे इंग्रजीतील ‘वुई’ हे सर्वनाम आणि त्याचे मराठीत काय होते हा.

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत हे सांगावयास नको. ‘आम्ही’ श्रोत्यास वगळते, ‘आपण’ त्यास सामावून घेते. व्यावर्तक व समावेशक असा हा भेद गुजरातीत आहे, तमिळ-तेलुगूत आहे. हिंदीच्या ‘हम’मध्ये तो नाही. मराठी-गुजरातीतील या भेदाचा संबंध द्राविड भाषांच्या सान्निध्याशी जोडण्याचीही अभ्यासकांत परंपरा आहे. इंग्रजीला हा भेद व्याकरणाने करता येत नाही. तेथे एकच शब्द प्रयोगशाळेतील चार सहकाऱ्यांनाही लागतो आणि समस्त मानवजातीलाही.

टेड-व्याख्यानाची प्रचलित घडण या एका शब्दावर फार मोठ्या प्रमाणात उभी आहे, असे माझे मत आहे. वक्ता प्रथम स्वतःच्या आयुष्यातील प्रसंग सांगतो. तेथे ‘मी’ असतो. मग तो प्रयोगाकडे वळतो; येथील ‘वुई’ म्हणजे ‘आम्ही संशोधक’. अखेरीस तो आपण सर्वांनी कसे जगावे याकडे येतो, तेव्हा ‘वुई’ म्हणजे ‘आपण’. या दोहोंमध्ये एक मोठे अंतर असते. मोजक्या व्यक्तींवर केलेल्या प्रयोगातून सर्वांविषयी काही म्हणावयाचे तर त्यासाठी पुनःप्रयोग लागतात, शंका लागतात, प्रतिपक्ष लागतो. इंग्रजीत हे अंतर शब्द न बदलता ओलांडता येते. कीर्तनाची येथे सहज आठवण होते. परंतु कीर्तनात पूर्वरंगातील निरूपणानंतर उत्तररंगात आख्यान येते, आणि ते आख्यान निरूपणाचे उदाहरण असते, प्रमाण नव्हे. टेडमध्ये आख्यान आधी येते आणि पुष्कळदा प्रमाणाची जागा घेऊन बसते.

एमी कडी यांचे २०१२ मधील व्याख्यान हे याचे ठळक उदाहरण होय. टेडच्या सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या व्याख्यानांत त्याची गणना होते. दोन मिनिटे ऐसपैस, अधिकारदर्शक पवित्र्यात राहिल्यास शरीरातील टेस्टोस्टेरॉन वाढते, कॉर्टिसॉल घटते आणि माणूस अधिक धीट होतो, असा त्यातील शास्त्रीय भाग. त्याच्या मुळाशी डेना कार्नी, कडी व अँडी याप यांचा २०१० मधील निबंध होता, आणि त्यातील प्रयोगात ४२ व्यक्ती होत्या. व्याख्यानाच्या आरंभीचा ‘वुई’ देहबोलीवरून इतरांची पारख करणाऱ्या सर्व माणसांचा आहे. मध्यभागी माणसांना प्रयोगशाळेत आणून त्यांच्या लाळेचे नमुने घेणारा ‘वुई’ मूठभर संशोधकांचा आहे. पुढे अपघात आणि न्यूनभावना यांचा हृदयस्पर्शी आत्मकथनपर भाग येतो, आणि शेवटी श्रोत्यांनी हा उपाय करावा व इतरांनाही सांगावा असे आवाहन. आत्मकथन खरे आहे, आवाहन सद्‌हेतूचे आहे. पण ४२ जणांवरील निष्कर्ष सर्वांपर्यंत कसा पोचला, हा प्रश्न श्रोत्याच्या मनात उठतच नाही. श्रोता आरंभापासूनच त्या ‘वुई’त बसलेला असतो.

पुढील इतिहास प्रसिद्ध आहे. २०१५ मध्ये एव्हा रानेहिल व सहकाऱ्यांनी २०० व्यक्तींवर हाच प्रयोग केला. सामर्थ्याची भावना वाढल्याचे त्या व्यक्तींनी सांगितले. मात्र हॉर्मोनांवर वा वर्तनावर परिणाम आढळला नाही. २०१६ मध्ये मूळ निबंधाच्या प्रथम लेखिका कार्नी यांनी या परिणामांवर आपला विश्वास उरला नसल्याचे जाहीर केले. कडी यांनी आपली बाजू सोडली नाही. पवित्र्याचा परिणाम निदान भावनेवर होतो असे त्यांनी व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये साधार प्रतिपादिले, आणि त्याची दखल घेणे न्याय्य होय. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने यातील लक्षणीय घटना वेगळीच आहे. देहबोली तुम्हांस ‘घडवते’ असे व्याख्यानाचे मूळ शीर्षक होते. ते पुढे ‘घडवू शकते’ असे झाले. वादाचे फलित म्हणून शीर्षकात एका साहाय्यक क्रियापदाची भर पडली. व्याख्यान तेच राहिले.

याच्या उलट हान्स रॉसलिंग यांचे २००६ मधील व्याख्यान पाहावे. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील विद्यार्थ्यांना त्यांनी देशांच्या पाच जोड्या देऊन प्रत्येकीत बालमृत्यू कोठे अधिक हे विचारले. पाचांपैकी सरासरी १.८ उत्तरे बरोबर आली. नुसत्या यदृच्छेने अडीच आली असती, म्हणून चिंपांझी बरे, असा त्यांचा विनोद. नाट्य येथेही भरपूर आहे, चलच्चित्रांसारखी धावणारी वर्तुळे आहेत. परंतु रॉसलिंग ज्यावर घाव घालतात तो विद्यार्थ्यांच्या मनातील ‘वुई’च आहे : आम्ही म्हणजे पाश्चात्त्य, दीर्घायुषी, लहान कुटुंबाचे, ते म्हणजे तिसरे जग, अल्पायुषी, मोठ्या कुटुंबाचे. ही कल्पना कालबाह्य झाल्याचे ते आकडेवारीने दाखवतात, आणि ती आकडेवारी कोणासही तपासता येते. या ‘वुई’चे मराठीत ‘आम्ही’च करावे लागेल, कारण मराठी श्रोता त्यात नाही, तो ‘ते’मध्ये मोडतो. जो भाषांतरकार तेथे सवयीने ‘आपण’ लिहील, तो व्याख्यानाचा मुद्दाच पुसून टाकील.

सवयीने, असे म्हणण्यास कारण आहे. स्वयंसेवकांकरवी उपशीर्षकांचे भाषांतर करण्याचा टेडचा उपक्रम २००९ मध्ये सुरू झाला आणि त्यात मराठीही आहे. उपशीर्षकास जागा थोडी, वेळ त्याहून थोडा; ओळीओळीने काम करणाऱ्या भाषांतरकारास हा ‘वुई’ कोणाचा, हे मागे जाऊन पाहण्याची सवड नसते. त्यात ‘आपण’ या शब्दाची स्वतःची एक अडचण आहे. तो आदरार्थी द्वितीयपुरुषही आहे. ‘आपण करतो’ व ‘आपण करता’ यांत क्रियापद भेद दाखवते. परंतु सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे चालते, आणि ‘आपण हे चित्र पाहिले’ या वाक्यात पाहणारे कोण, हे व्याकरणावरून कळत नाही. प्रयोगाचे वर्णन बहुधा भूतकाळातच असते. म्हणजे मराठीने जो भेद करावयाचा, तो नेमका त्याच जागी निसटण्याचा संभव.

हा प्रश्न केवळ रसिकतेचा राहिलेला नाही. टेड-व्याख्यानांच्या उपशीर्षकांपासून यंत्रानुवादाच्या अभ्यासासाठी समांतर वाक्यसंग्रह सिद्ध झाले आहेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका बहुभाषिक संग्रहात मराठीचाही समावेश आहे. यंत्र ‘वुई’ला कोणता प्रतिशब्द द्यावयाचा हे अशा वाक्यांवरूनच शिकते, आणि वाक्ये तेथे सुटी असतात, वक्ता प्रयोगशाळेत उभा आहे की सभागृहात, हे त्यांत नसते. या विषयावर प्रबंधिका लिहू इच्छिणाऱ्याने मराठी उपशीर्षकांतील ‘आम्ही’ व ‘आपण’ यांची नुसती गणना करून भागणार नाही. प्रत्येक ‘वुई’ व्याख्यानाच्या कोणत्या टप्प्यावर आला याची नोंद हवी, आणि भूतकाळी सकर्मक वाक्ये वेगळी काढावयास हवीत. काम कंटाळवाणे आहे, परंतु एका विद्यार्थ्यास दोन सत्रांत पुरे करण्याजोगे आहे.