आब्लो, आब्लास, आब्ला

क्रियापदाचा तक्ता घोकायचा असतो, त्याचं रसग्रहण कोण करतं! तरीही स्पॅनिशमधल्या 'आब्लार' म्हणजे 'बोलणे' या नियमित क्रियापदाची वर्तमानकाळातली सहा रूपं एकाखाली एक मोठ्यानं म्हणून पाहा: आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. मी, तू, तो-ती, आम्ही, तुम्ही, ते. शेवटचा 'आर' गळतो, 'आब्ल' जागचं हलत नाही, बदलतो तो फक्त प्रत्यय. पहिल्या तिन्ही रूपांत आघात सुरुवातीच्या 'आ'वर आहे; आब्लामोस आणि आब्लाइसमध्ये तो 'ला'वर सरकतो आणि आब्लानला परत मूळ जागी येतो. तक्त्याला चाल येते ती यामुळे.

प्रत्ययच माणूस सांगतो, म्हणून सर्वनामाची गरज उरत नाही. आपणही 'येतोस का?' विचारतो तेव्हा 'तू' वगळतोच, कारण 'स'नं काम केलेलं असतं. तोच 'स' आब्लासमध्ये आहे. शाळेतलं संस्कृत आठवा: वदामि, वदसि, वदति, वदामः, वदथ, वदन्ति. 'सि'मधला स, 'मः'च्या पोटातला मस् आणि 'न्ति'मधला न या तिघांचे भाऊबंद लॅटिनमार्गे स्पॅनिशमध्ये नांदताहेत.

आणि मराठीत? ज्ञानेश्वरीच्या काळात (1290) आपलाही वर्तमानकाळ असाच होता: करीं, करिसी, करी, करूं, करा, करिती. पुढे 'करतो-करते'नं त्याची जागा घेतली आणि जुना 'करी' भूतकाळात ढकलला गेला. 'आजी पहाटे उठे, दळण करी' यातल्या 'करी'ला व्याकरणात रीतिभूतकाळ म्हणतात. मोरो केशव दामल्यांच्या 1911च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त या आख्यातांचा, म्हणजे क्रियापदाच्या अशा रूपांचा, सविस्तर विचार आहे. चिकाटी असणाऱ्यानं जरूर वाचावा. वर्तमानातला 'करी' म्हणींनी मात्र जपला: दाम करी काम. देव तारी त्याला कोण मारी.

या बदलात आपल्या क्रियापदाला लिंग चिकटलं. 'बोलते' म्हटलं की बोलणारी बाई आहे हे कळलंच. (कोल्हापूरकडच्या बायका 'मी येतो' म्हणतात, ती गोष्ट वेगळी.) कन्नड तालुक्यात, पिशोरच्या बाजारात, 'काय करू राह्यला?' आणि 'काय करू राह्यली?' असे दोन प्रश्न लागतात. स्पॅनिशला चालू क्रियेसाठी वेगळी रचना आहे, पण ती सक्तीची नाही. 'बोलतोस', 'बोलतेस', 'बोलू राह्यला', 'बोलू राह्यली' या चौघांचं एकट्या आब्लासवर भागतं. स्त्रीचं आब्लो आणि पुरुषाचं आब्लो यांत तिळाचाही फरक नाही. मला हा मोकळेपणा फार आवडतो.

सगळंच गोड मात्र नाही. आब्लामोसमध्ये 'आम्ही' आणि 'आपण' एकत्र कोंबलेत. अद्रकीचा सौदा चालू असताना 'आम्ही देतो' आणि 'आपण देतो' यांत केवढा फरक पडतो, हे पिशोरच्या शेतकऱ्याला सांगायला नको. वर पुन्हा 'आम्ही बोलतो' आणि 'आम्ही बोललो' या दोन्हींना आब्लामोसच; काळ संदर्भावरून ओळखायचा. 'कोमेर' म्हणजे 'खाणे' इथे अधिक काटेकोर आहे: कोमेमोस खातो, कोमिमोस खाल्लं.

आदराची रीत तर खास. समोरच्याला 'उस्तेद' म्हणायचं आणि क्रियापद तृतीयपुरुषी आब्ला वापरायचं. 'सरकार काय म्हणतात?' असं खुद्द सरकारांनाच विचारावं, तसं.

पाठ करणाऱ्यांना एक व्यवहाराची सूचना. मेक्सिको किंवा पेरूच्या लोकांशी बोलायचं असेल तर पाच रूपं पुरेत. तिकडे 'तुम्ही सगळे'लाही आब्लानच लावतात. आब्लाइस स्पेनसाठी राखून ठेवा.