न बोललेली राधा

आमच्या आजऱ्यात जन्मलेल्या शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ ही कादंबरी १९६७ साली प्रसिद्ध झाली. लेखक २००२ साली निवर्तले. कादंबरीचे वाचन मात्र थांबलेले नाही. आम्ही काही कुटुंबांनी ती अलीकडे पुन्हा एकत्र वाचली आणि शेवटाशी येऊन अडलो. कर्ण धारातीर्थी पडतो, कथा संपते. परंतु तो अखेर कोणाचा पुत्र, हा प्रश्न मिटत नाही. काहींना हा लेखकाचा दोष वाटला. आमचे मत निराळे आहे.

या कादंबरीत दोन प्रतिमा एकमेकींशी झगडतात. पहिली सूर्याची. तो जन्मदाता, तेज देतो, कवचकुंडले देतो, पण मुलाचे बोट धरून त्याला चालवीत नाही. दुसरी रथाची. रथ हाकणे हा पालकपिता अधिरथ याचा व्यवसाय. कवचकुंडले कर्ण इंद्राला दान करतो, तेव्हा जन्माची खूण त्याच्या अंगावरून उतरते. अखेरच्या क्षणी भूमीत रुतते ते रथाचे चाक. सारथ्याच्या घरी वाढलेला हा पुत्र ते चाक उचलता उचलता प्राण सोडतो. शेवटी त्याच्या हाती उरते ती संगोपनाची खूण.

निवेदनाची रचनाही पाहण्यासारखी आहे. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण असे सहा जण येथे बोलतात. अखेरचे निवेदन श्रीकृष्णाचे. तेव्हा कर्ण साक्ष देण्यास उरलेला नाही. कुंतीला आपली बाजू मांडता येते. भर सभेत अपमानित झालेल्या द्रौपदीला मात्र स्वतंत्र निवेदन नाही. ही उणीव आम्हांस खटकते, कारण त्या सभेतील कर्णाचा अपराध त्यामुळे सौम्य भासतो. नदीतून वाहत आलेले मूल ज्या राधेने उराशी धरले, तिलाही लेखकाने बोलते केलेले नाही. शेवट अनुत्तरित राहतो तो येथे. ज्या प्रश्नाचे उत्तर तिच्याजवळ होते, तो तिला कोणी विचारतच नाही.

आमच्यापैकी एका घरात पोरके मूल वाढले आहे. त्या मातेने चर्चेच्या शेवटी एवढेच विचारले, “उद्या माझा मुलगा जन्मदात्रीला शोधत गेला, तर मी त्याची कोण?” क्षणभर कोणालाच बोलता आले नाही. मग एका वृद्ध गृहस्थांनी आठवण करून दिली, की बाळ येशूला वाढविणाऱ्या संत योसेफाच्या तोंडचा एकही शब्द शुभवर्तमानांत नोंदलेला नाही. तरी त्याला पिता म्हणावयास आपण कधी कचरलो नाही.

कादंबरीने निकाल देऊन टाकला असता, तर हा प्रश्न त्या मातेच्या ओठांवर आला नसता. वाचकहो, आमची प्रत सध्या तिच्या घरी आहे. तिचा मुलगा ती वाचतो आहे.