सात घोडे आणि रिकामं शिवार

नेसरी आमच्याच कोल्हापूर जिल्ह्यातली. २४ फेब्रुवारी १६७४ला प्रतापराव गुजर सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले ते तिथंच. कुसुमाग्रजांच्या त्या कवितेवर मी शिरोळच्या घरी, ऑफिसचं काम संपल्यावर, ब्लेंडरमध्ये तीन मिनिटांची ॲनिमेशन फिल्म करत होतो.

कविता कानात होती ती लतादीदींच्या आवाजात, हृदयनाथांच्या चालीत. म्हणून ठेक्यावर कट मारले. एक सैनिक बनवून हजारदा कॉपी केला. तलवारी, ठिणग्या, स्लो मोशन. भाच्यानं बघून विचारलं, “मामा, जिंकले ना ते?”

फिल्म तिथंच फसली. कवितेत सात जण गर्दीत दिसेनासे होतात आणि शेवटी उरते ती त्यांच्या खुणा बाळगणारी जमीन. मी मात्र गेम बनवला होता. १९६८च्या ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’मध्ये रिचर्ड विल्यम्स यांचं ॲनिमेशन युद्धज्वराची टर उडवतं. आपली कविता टर उडवत नाही. पण त्या दौडीला ‘वेड’ म्हणायलाही कचरत नाही. तो शब्द माझ्या फिल्ममध्ये कुठेच नव्हता.

आता लढाई काढून टाकलीय. सात घोडे धुळीत शिरतात, मग मिनिटभर नुसतं शिवार. भाच्याला कंटाळा आला. पण जिंकले का, हे त्यानं विचारलं नाही.