बघण्यासारखा : प्रेक्षकाचे मत, गुणांकन आणि समीक्षा

नवा चित्रपट पाहून बाहेर पडलेला प्रेक्षक त्याविषयी जे बोलतो, त्याचा गंभीर विचार मराठी समीक्षेने फारसा केलेला नाही. या बोलण्याला आपण 'प्रतिक्रिया' म्हणतो आणि समीक्षेपासून वेगळे काढतो. प्रतिक्रिया आवडीनिवडीतून येते, समीक्षा निकषांतून. प्रतिक्रिया तात्कालिक असते, समीक्षा विचारपूर्वक केलेली असते, अशी ही विभागणी आहे. ती सोयीची आहे, परंतु कितपत खरी आहे हे तपासून पाहिले पाहिजे. प्रेक्षकाच्या बोलीतील मतात मूल्यनिर्णयाची एक संपूर्ण रचना असते. चित्रपटांना तारका वा गुण देण्याच्या आजच्या पद्धतीत ही रचना मोडते आणि आपल्या विद्यापीठीय लेखनात ती वेगळ्या तऱ्हेने मोडते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

विचारासाठी समोरचेच उदाहरण घेऊ. सोलापूर हे मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू या भाषा एकाच रस्त्यावर ऐकू येणारे शहर. विजापूर रस्त्याच्या अंगाने वाढलेल्या जुळे सोलापुरातही या साऱ्या भाषांची घरे शेजारी शेजारी आहेत. शुक्रवारी चित्रपट लागतो आणि शनिवारी सकाळी चहाच्या गाड्यावर एकजण दुसऱ्याला विचारतो, 'काय बे, कसा हाय?' प्रश्न चार शब्दांचा आहे, पण त्याला मिळणारी उत्तरे एकाच जातीची नसतात. व्याकरणाच्या अंगाने पाहिल्यास त्यांचे निदान तीन प्रकार दिसतात : 'मला आवडला', 'चांगला आहे' आणि 'बघण्यासारखा आहे'.

'मला आवडला' या रचनेत अनुभव घेणारा चतुर्थीत जातो आणि क्रियापद अनुभवविषयाप्रमाणे चालते : सिनेमा आवडला, गोष्ट आवडली, गाणी आवडली. बोलणारा येथे आपल्या ठिकाणी घडलेल्या एका गोष्टीची नोंद करतो. तिच्याशी वाद घालता येत नाही. 'चांगला आहे' या विधानात 'मला' गळून पडतो आणि गुण वस्तूच्या ठिकाणी असल्याचा दावा केला जातो. 'सुखद' आणि 'सुंदर' यांत कांटने केलेला भेद हाच आहे. जो एखादी वस्तू सुंदर म्हणतो तो इतरांच्याही संमतीवर हक्क सांगतो. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'मुळे (१९७४) मराठी अभ्यासकाला हे विवेचन परिचित आहे, म्हणून त्याचा विस्तार येथे करीत नाही.

तिसरे विधान मात्र या द्वंद्वात बसत नाही. 'बघण्यासारखा' या शब्दात योग्यता सूचित होते, आणि ती नेहमी कोणासाठी तरी असते. म्हणूनच हे विधान क्वचितच एकटे येते. 'बघण्यासारखा आहे, पण घरच्यांबरोबर नको'. 'एकदा बघायला हरकत नाही'. 'तू बघ, तुझ्या भावाला झेपणार नाही'. ही विधाने अनुभवाची नोंदही नव्हेत आणि वस्तूच्या गुणाचे निरपेक्ष वर्णनही नव्हेत. तो सल्ला आहे. सल्ल्याला चार अंगे असतात : ज्याविषयी बोलायचे ती वस्तू, बोलणारा, ऐकणारा आणि पाहण्याचा प्रसंग. यांपैकी एकही वगळले तर सल्ला अपुरा राहतो. शिवाय सल्ला देणाऱ्यावर जबाबदारी येते. तो चुकला तर पुढच्या आठवड्यात त्याच गाड्यावर 'तुझं ऐकून गेलो' हे त्याला ऐकून घ्यावे लागते. आपल्या निर्णयाचे परिणाम समोरासमोर सोसावे लागणे ही समीक्षकाच्या वाट्याला क्वचितच येणारी कसोटी आहे.

ऐकणाराही येथे निष्क्रिय नसतो. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त कारयित्री प्रतिभेच्या जोडीला भावयित्री प्रतिभा मानली आणि भावकांचे चार प्रकार सांगितले, हे सर्वश्रुत आहे. अरोचकीला काहीच रुचत नाही. सतृणाभ्यवहारी धान्याबरोबर गवतही खातो. मत्सरी गुण दिसूनही बोलत नाही. आणि तत्त्वाभिनिवेशी हजारांत एखादाच सापडतो. या वर्गीकरणाकडे आपण बहुधा गुणवत्तेची उतरंड म्हणून पाहतो. त्याचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो चहाच्या गाड्यावरच्या श्रोत्याला न शिकवता कळतो. ज्याला काहीच आवडत नाही अशा मित्राने 'बरा आहे' म्हटले, तर त्याचे वजन ज्याला सगळेच आवडते त्याच्या 'एक नंबर'पेक्षा अधिक असते. एकाच चित्रपटाविषयी चार जणांकडून ऐकणारा माणूस मतांची बेरीज करीत नाही. तो प्रत्येक मत बोलणाऱ्याच्या स्वभावाशी ताडून पाहतो, म्हणजे मतांचेही अर्थनिर्णयन करतो.

गुणांकनाने नेमके हेच अर्थनिर्णयन अनावश्यक ठरवले. प्रेक्षकांची मते मोजण्याची कल्पना नवी नाही. १९३२ साली व्हेनिसच्या पहिल्या चित्रपट महोत्सवात परीक्षक मंडळाऐवजी प्रेक्षकांचा कौल घेतला गेला. १९५४ साली सुरू झालेल्या फिल्मफेअर पुरस्कारांचा आरंभही वाचकांच्या मतदानानेच झाला. परंतु तेथे मत मोजले जाई ते चित्रपट पाहून झाल्यावर, निवड करण्यासाठी. १९९० साली आरंभ झालेल्या आयएमडीबीसारख्या चित्रपटकोशांनी आणि पुढे तिकीटविक्रीच्या सेवांनी ही मोजणी चित्रपटाच्या पहिल्याच दिवसापर्यंत आणली. जो आकडा पूर्वी चित्रपट पाहून झाल्यावरचा निर्णय होता, तो आता चित्रपट पाहावा की नाही या प्रश्नाचे उत्तर झाला. सल्ल्याची जागा सरासरीने घेतली ती अशी.

सरासरी कोठे अपुरी पडते हे दाखवण्यास साधे गणित पुरे. शंभर प्रेक्षकांपैकी पन्नासांनी एका चित्रपटाला दहापैकी दहा आणि पन्नासांनी एक गुण दिला, तर सरासरी साडेपाच येते. दुसऱ्या चित्रपटाला पन्नासांनी पाच आणि पन्नासांनी सहा गुण दिले, तरीही ती साडेपाचच येते. पहिला चित्रपट समाजाला दुभंगणारा आहे, दुसऱ्याने कोणालाच फारसे हलवलेले नाही. आकडा या दोहोंना एकच नाव देतो. काही कोश साध्या सरासरीऐवजी भारित सरासरी काढतात, पण कोणत्या मताला किती भार दिला हे वाचकाला सांगत नाहीत. गाड्यावरचा श्रोता हा भार स्वतः ठरवीत होता.

या रचनेची खरी परीक्षा सोलापूर जिल्ह्यातच घडली. करमाळा तालुक्यातील जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. नायिकेची भूमिका करणारी रिंकू राजगुरू अकलूजची, चित्रपटाची भाषा आणि भूभाग करमाळ्याकडचा. पूर्वार्धातील गाण्यांना प्रेक्षक खुर्च्या सोडून नाचले आणि अखेरच्या दृश्यात तेच प्रेक्षक निःशब्द झाले, हे महाराष्ट्राने पाहिले. त्या उन्हाळ्यात आमच्या परिसरात या चित्रपटाविषयी सर्वाधिक ऐकू येणारे वाक्य होते, 'सगळा भारी आहे, पण शेवट नको होता.'

विद्यापीठीय शिस्तीत वाढलेला अभ्यासक या वाक्याला अभिरुचीच्या अपरिपक्वतेचा पुरावा मानील. प्रस्तुत लेखकानेही आरंभी तसेच मानले होते. परंतु हे वाक्य कोण कोणाला म्हणतो हे लक्षात घेतले तर त्याचे अर्थ बदलत जातात. एक प्रेक्षक असे म्हणतो तेव्हा त्याला प्रेमकथेच्या रूढ संकेताचा भंग खुपलेला असतो. याउसच्या परिभाषेत, त्याच्या अपेक्षाक्षितिजाला धक्का बसलेला असतो. दुसऱ्याच्या तोंडी त्याच शब्दांचा अर्थ 'हे असेच घडते हे मला ठाऊक आहे, ते पुन्हा पाहवले नाही' असा असतो. तिसरा म्हणतो तेव्हा 'हे आमच्याविषयी आहे, आणि ते असे उघड दाखवायला नको होते' असा बचाव त्यात असतो. एक वाक्य, आणि त्यात सौंदर्यविषयक तक्रार, दुःखाची कबुली आणि जातीय अस्वस्थता असे तीन निर्णय. ऐकणाऱ्याला बोलणारा ठाऊक असतो, म्हणून त्याला यांतला कोणता निर्णय आहे हे कळते. याच तिघांनी पाचपैकी चार तारका दिल्या असत्या तर त्या चारांत कमी पडलेली एक तारका कशाची, हे कोणालाही सांगता आले नसते.

याच चित्रपटाचा उत्तरार्ध हैदराबादमध्ये घडतो आणि तेथे प्रेक्षकाच्या कानावर तेलुगू पडते. आर्चीसाठी ती न कळणारी भाषा आहे, आणि तिचे परकेपण प्रेक्षकाने तिच्याबरोबर अनुभवावे अशी दृश्यांची योजना आहे. सोलापुरातील ज्या घरांत तेलुगू बोलली जाते, त्यांना मात्र ते संवाद कळतात. नायिका हरवलेली असते आणि प्रेक्षक आपल्याच भाषेत असतो. हा आस्वाद इतर ठिकाणच्या मराठी प्रेक्षकाच्या आस्वादाहून भिन्न आहे. स्टॅन्ली फिश ज्यांना अर्थनिर्णयन करणारे समुदाय म्हणतो, ते या शहरात एकाच रांगेत, शेजारच्या खुर्चीवर बसलेले असतात. 'हैदराबादचा भाग आम्हाला आपला वाटला' हे विधान गाड्यावर करता येते. त्याला आकड्यात जागा नाही.

याउलट उदाहरण २०१५ साली चित्रपटगृहांत आलेल्या चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'चे. त्यात सुट्टी लागते, न्यायालयातले दिवे मालवले जातात, पडदा काळोखतो आणि चित्रपट संपला असे वाटते. पण तो पुढे चालूच राहतो. 'मध्येच संपला आणि मग पुन्हा सुरू झाला' हे त्याविषयीचे प्रेक्षकमत तक्रारीच्या स्वरात ऐकू येई. न्याययंत्रणा थांबल्यावरही तिचे आयुष्य नेहमीसारखे चालू राहते, या चित्रपटाच्या मध्यवर्ती रचनेचे हे अचूक वर्णन आहे. ते करणाऱ्याला आपण रचनेविषयी बोलत आहोत याची जाणीव नसेल. ती करून देणे समीक्षेचे काम आहे. त्यासाठी समीक्षेने ते वाक्य आधी ऐकले पाहिजे.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. चहाच्या गाड्यावर कोण उभे असते? बहुतेक पुरुष. तेथील निर्भीड मताला जात आणि वयाची कुंपणे असतात, आणि मुलीने तेथे थांबून चित्रपटाविषयी वाद घालणे आजही सहज नाही. निनावी गुणांकनाने तिला मत दिले, हे नाकारता येणार नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. बोली मताचे गौरवीकरण करताना त्यातून वगळले गेलेले आवाज विसरले, तर ती केवळ गतकातरता ठरेल. परंतु निनावीपणाने तिला जे मिळाले ते मत मोजले जाण्याचा हक्क. त्याची कारणे ऐकली जाण्याचा हक्क त्यात नाही. शिवाय तेच निनावीपण बाजारालाही उपलब्ध आहे. हेतुपुरस्सर प्रतिकूल मते पसरवून नवा चित्रपट पाडण्याच्या प्रकारांचा प्रश्न २०२३ साली केरळ उच्च न्यायालयासमोर आला. मत देणाऱ्याची ओळख पुसली गेली की खरा प्रेक्षक आणि भाडोत्री प्रेक्षक यांतला भेद न्यायालयात नेऊन ठरवावा लागतो.

शेवटी आपल्या स्वतःच्या व्यवहाराकडे वळणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गात 'सैराट'वर चर्चा झाली. एक विद्यार्थिनी म्हणाली, 'शेवटी पाहुणे चहा घेतात तेव्हाच मला कळलं. आमच्याकडे इतकं गोड कुणी बोललं की मी घाबरते.' वर्ग गप्प झाला. पुढच्या आठवड्यात तिने लेखी टिपण दिले. त्यात चित्रपटाचा सामाजिक आशय, वास्तववाद आणि जातिव्यवस्थेचे प्रभावी चित्रण यांविषयी दोन पाने होती. चहा त्यात नव्हता. घाबरण्याचा उल्लेख नव्हता. टिपणाला मी चांगले गुण दिले.

त्या टिपणात एकही चूक नव्हती, आणि तरीही तिचा निर्णय त्यातून नाहीसा झाला होता. कोण, कोणाला, कशामुळे हे सारे पुसून तिने आपले मत आमच्या परिभाषेच्या सरासरीला आणून ठेवले होते. हे तिला शिकवले ते आम्हीच. तारकांनी प्रेक्षकाचे मत सपाट केले ही तक्रार करण्याचा अधिकार आपल्याला तेव्हाच आहे, जेव्हा आपल्या वर्गात त्याच मताचे 'सामाजिक आशय' होऊन सपाटीकरण होणार नाही. परिभाषा टाकून द्यावी असा याचा अर्थ नाही. आतिथ्याच्या संकेतांचा वापर हिंसेच्या पूर्वसूचनेसाठी कसा केला आहे, हे त्या विद्यार्थिनीच्या वाक्यातून परिभाषेच्या साहाय्यानेच उलगडता आले असते. मात्र त्याचा प्रारंभ तिच्या भीतीपासून व्हायला हवा होता. त्या टिपणावर मी काय शेरा लिहिला ते आज आठवत नाही. 'चहाविषयी लिही' असा तो नव्हता, एवढे आठवते.